केमो वॉर्डची इन्चार्ज होताना

कॅन्सरच्या वॉर्डात पहिल्यांदाच इन्चार्ज म्हणून रुजू होणाऱ्या मुलींचे मला फोन येतात. पेशंट गेला की मन कसं सावरायचं, हे बहुतेकींना विचारायचं असतं. प्रश्न अगदी खरा आहे. पण इन्चार्जकडे त्याच्याही आधी एक काम येतं. आपल्या हाताखालच्या सिस्टर आणि ब्रदर घाबरत घाबरत काम करत नाहीत ना, हे पाहायचं. केमोच्या वॉर्डात स्टाफ घाबरलेला असला की त्याची झळ पेशंटला बसते.

डॉक्सोरुबिसिनचंच घ्या. पेशंट त्याला लाल औषध म्हणतात. ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस सडू शकतं, प्रकरण कधी प्लास्टिक सर्जरीपर्यंत जातं. एका दुपारी डे केअरमधून नव्या सिस्टरची हाक आली, "सिस्टर, जरा येता का? काकूंच्या हाताला सूज वाटतेय." तिने औषध थांबवलं होतं आणि कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) जागेवरच ठेवली होती, दोन्ही बरोबर. त्याच कॅन्युलातून सिरिंजने जेवढं मागे ओढता आलं तेवढं ओढलं, मग ती काढली. सुजेभोवती पेनाने खूण केली, बर्फाचा पॅक लावला, हात उंच ठेवला. डॉक्टर तोवर पोहोचलेच. (विन्क्रिस्टिन हे केमोचंच दुसरं औषध झिरपलं तर मात्र गरम शेक द्यायचा, बर्फ नाही. हे पाठ असू द्या.)

रिपोर्ट लिहिताना त्या मुलीचा हात थरथरत होता. मी शेजारी बसले आणि फक्त किती वाजता, कोणती शीर, किती औषध गेलं होतं एवढंच विचारलं. काकूंच्या शिरा आधीच्या केमोंनी पार बारीक झाल्या होत्या आणि पोर्टचा, म्हणजे छातीत कातडीखाली बसवून मोठ्या शिरेला जोडायच्या डबीचा, विषय कुणी काढलाच नव्हता, हे त्या लिहिण्यातून पुढे आलं. त्यानंतर आमच्याकडे पहिल्या केमोआधीच शिरा तपासून डॉक्टरांशी बोलायची पद्धत पडली. तिला सगळ्यांसमोर झापलं असतं तर पुढची सूज आम्हाला फार उशिरा कळली असती.

दोन सह्यांचंही तसंच आहे. केमो देण्याआधी दोघींनी औषध तपासून सही करायची असते. विन्क्रिस्टिन शिरेतूनच द्यायचं असतं, पाठीच्या कण्यातून गेलं तर पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं असं सांगतात, म्हणजे पाठीत द्यायच्या सिरिंजशी गल्लत होत नाही. पण कालच लागलेली मुलगी वीस वर्षांच्या सीनियरला "थांबा, पुन्हा वाचूया" म्हणू शकत नसेल, तर दुसरी सही नुसती शाई आहे. तिने थांबवलं की सीनियरने "बरं झालं विचारलंस" म्हणावं, ही सवय इन्चार्जने स्वतःपासून लावायची. मला ती लावायला बराच वेळ लागला, पण त्याइतकं मोलाचं काम वॉर्डात दुसरं नाही.

ड्यूटी लावतानाही माणूस बघा. एखादी गरोदर असेल तर तिला केमोची औषधं हाताळायला देऊ नये. तिला चारचौघांत मागायला लावू नका, तिने खासगीत सांगितलं की त्याच दिवशी तक्ता बदला आणि कारण कुणाला सांगू नका.

अक्यूट ल्युकेमियाचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरचा, पेशंट पहिल्या केमोला महिनाभर आपल्याकडेच असतो. त्याच्या मुलीची दहावी, गावाकडची व्यायला आलेली म्हैस, सिस्टरला सगळं ठाऊक असतं. असा पेशंट जातो आणि तासाभरात त्याच बेडवर नवी ॲडमिशन येते. तेव्हा मी तिचे पेशंट माझ्याकडे घेते आणि तिला चहाला पाठवते. "रडू नकोस" म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तोच कोपरा हवा की दुसरा, हे तिलाच विचारते.

माणसं कमी असतील तेव्हा रजिस्टर बाजूला ठेवा आणि बेडवर या. पांढऱ्या पेशी उतरलेल्या पेशंटला ताप आला की तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि एकटी सिस्टर तीन हाका घेत असेल तर तो तास निसटतो. अशी प्रत्येक पाळी आकड्यांसह मेट्रनना लेखी कळवा. तोंडी गाऱ्हाणं विरून जातं.

नातेवाईक ओरडले तर ज्युनियरला पुढे करू नका, स्वतः जा. परळमध्ये टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि देशभरातून माणसं तिथे येतात. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, कुणी फूटपाथवर झोपतं. त्या रागामागे बरेचदा पैसा आणि झोप असते. आधी बसवा, जेवलात का विचारा, सोशल वर्करला बोलवा. पण शिवीगाळ झाली तर "माझ्या सिस्टरशी असं बोलायचं नाही" हे स्पष्ट सांगा, आणि ते तिच्यासमोर सांगा.

इन्चार्ज व्हायच्या आधी जमलं तर ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करून घ्या. औषधांची पक्की माहिती असली की आवाज चढवायची वेळ फार कमी येते.