प्रोपेलर लावला की १०० सीसी बाइकचं इंजिन वरच्या आरपीएमला अडखळतं

स्टँडवर बांधलेलं फोर-स्ट्रोक इंजिन, बेल्ट रिडक्शन (प्रोपेलर इंजिनपेक्षा हळू फिरवणारा पट्टा), लाकडी प्रोपेलर. ५,००० आरपीएमपर्यंत गुळगुळीत. पुढे मिसिंग (ठोके चुकणं) आणि कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोलची धार. मेन जेट, फ्लोट निडल, कॉइल, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) सगळं बदललं, फरक शून्य. डोकं पार पिकलं.

शेवटी कार्ब्युरेटरच्या बाउलच्या (पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वर वळवली आणि ड्रेनचा स्क्रू सैल केला. आरपीएम वाढला की नळीत फेस! कंपनाने बाउलमधलं पेट्रोल फेसाळत होतं, म्हणूनच मिसिंग आणि ती धार.

आधी इग्निशन बंद, प्लगची कॅप काढलेली. प्रोपेलर उतरवून बॅलन्स केला, जड पातं पॉलिश पेपरने घासलं. परत बसवून हाताने फिरवताना दोन्ही टोकं एकाच खुणेवरून जातात का पाहिलं. फरक दीड मिलिमीटरच्या आत हवा. मग कार्ब्युरेटरचा धातूचा मॅनिफोल्ड (इंजिनला जोडणारी नळी) मधोमध कापून नायट्राइल रबराचा जाड होज घातला, दोन्ही टोकांत ८ मिलिमीटर फट, दोन क्लिप. उद्यमनगरात (औद्योगिक वसाहतीत) हायड्रॉलिक होजच्या दुकानात मिळतो. पाण्याचा पाइप नको, पेट्रोलने फुगतो. कार्ब्युरेटरचं वजन होजवर लटकू द्यायचं नाही. पट्टीने फ्रेमला आधार, मध्ये रबरी बुश. पट्टी इंजिनला बांधली तर कंपन पुन्हा तिथेच. थ्रॉटल केबलला थोडी ढील.

शेवटी इंजिन आयडलवर (थ्रॉटल न देता संथ) चालू ठेवून, प्रोपेलरच्या मागे उभं राहून, जोडावर साबणपाणी फवारायचं. आरपीएम हलला तर हवा ओढतेय, क्लिप आवळा.

आता पूर्ण थ्रॉटलला नळीत बुडबुडा नाही, ओव्हरफ्लो कोरडा.