कॅनडा की अमेरिका : आरोग्यसेवेची तुलना आपल्या घराच्या हिशेबाने कशी करावी

टोरांटो आणि न्यू जर्सी या दोन्हीकडून नोकरीचा प्रस्ताव आला की बहुतेक जण आधी पगार आणि घरभाडे पाहतात. आरोग्यसेवेचा विचार ‘कॅनडात मोफत, अमेरिकेत महाग’ एवढ्यावर आटोपतो. देशांची सरासरी पाहूनही फारसे हाती लागत नाही. अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, कॅनडा सुमारे १२ टक्के, आणि तरीही कॅनडातील सरासरी आयुर्मान जास्त आहे. मात्र आपल्या मधुमेही पत्नीला महिन्याला किती खर्च येईल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून एका कोऱ्या कागदावर घरातील प्रत्येकाचे नाव, वय, आजार आणि चालू औषधे लिहावीत, आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न मांडावेत : पैसे कोण भरणार, किती थांबावे लागणार आणि नोकरी गेली तर काय होणार.

कॅनडात ही व्यवस्था प्रांतांच्या हाती आहे. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांताने सुरू केलेला सार्वत्रिक वैद्यकीय विमा पुढे देशभर पसरला, आणि १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टनुसार डॉक्टर व रुग्णालयाच्या आवश्यक सेवांसाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताचे केंद्रीय अनुदान कापले जाते. पण तपासून बाहेर पडल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो की बिल आपल्यापुढे येते. दात आणि चष्म्याचेही बहुतांशी तसेच. त्यामुळे कंपनीचा पूरक विमा औषधांचा किती भाग उचलतो, हे प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वीच विचारावे. प्रांताच्या विम्याचे कार्ड कधी मिळेल तेही पाहावे : ब्रिटिश कोलंबियात आगमनाचा उरलेला महिना आणि त्यापुढचे दोन महिने थांबावे लागते, ऑन्टारियोने अशी प्रतीक्षा २०२० मध्ये रद्द केली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या गावात राहणार तिथे नवे रुग्ण घेणारा फॅमिली डॉक्टर आहे का, याची चौकशी करावी. तज्ज्ञाकडे सहसा त्याच्याच चिठ्ठीने जावे लागते, आणि तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागू शकते.

अमेरिकेत विम्याच्या मासिक हप्त्यापेक्षा डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम), को-इन्शुरन्स (त्यानंतरच्या खर्चातील आपला टक्केवारीचा वाटा) आणि वर्षभरात स्वतः भरायची कमाल रक्कम हे तीन आकडे मागून घ्यावेत. समजा, ते अनुक्रमे ३,००० डॉलर, २० टक्के आणि ८,००० डॉलर आहेत, आणि विमा कंपनीने शस्त्रक्रियेसाठी मान्य केलेला दर ४०,००० डॉलर आहे. आधी ३,००० आपण भरायचे. उरलेल्या ३७,००० चे २० टक्के, म्हणजे ७,४००, धरून बेरीज १०,४०० होते, परंतु कमाल मर्यादेमुळे आपला खर्च ८,००० वर थांबतो. ही मर्यादा सहसा नेटवर्कमधील, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टर-रुग्णालयांच्या खर्चालाच लागू असते, म्हणून आपले रुग्णालय यादीत आहे का ते आधीच पाहावे. उपचारानंतर विमा कंपनीचा जो तपशीलवार कागद येतो, त्यावर बहुधा ‘हे बिल नाही’ असे छापलेले असते. तो घाईने फेकू नये. रुग्णालयाचे खरे बिल आले की त्यातील आपल्या वाट्याची रक्कम जुळते का हे पाहूनच पैसे भरावेत. माझ्या मते, ही एवढी सवय लावून घेतली तरी बराच मनस्ताप वाचतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे फार वेगळे आहे. कॅनडात नोकरी गेली म्हणून प्रांताचे कार्ड लगेच रद्द होत नाही, कंपनीचा पूरक विमा मात्र जातो. अमेरिकेत कोब्रा कायद्याखाली नोकरीतून मिळालेला जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, परंतु हप्त्यातील कंपनीचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो. शिवाय एच-१बी व्हिसावर असल्यास नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

घरात बाळ येणार असेल तर रजेचा हिशेब वेगळा मांडावा. अमेरिकेचा १९९३ चा केंद्रीय कायदा पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, न्यू जर्सीसारखी काही राज्ये त्यात भत्त्याची भर घालतात. कॅनडात पात्र आईला १५ आठवडे आणि त्यानंतर आईवडिलांना मिळून ४० आठवड्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. तो पगाराच्या ५५ टक्के असतो आणि त्यालाही कमाल मर्यादा आहे.

भारतातून आईवडील येणार असतील, तर दोन्ही देशांत त्यांचा खाजगी विमा आपणच काढायचा असतो. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० कॅनडियन डॉलरचे विमा संरक्षण बंधनकारक आहे, आणि तो व्हिसा तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांच्याच आईवडिलांना व आजीआजोबांना मिळतो. पॉलिसी घेताना रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून असल्यास कोणता खर्च वगळला आहे, आणि गोळ्यांची मात्रा किती दिवस बदललेली नसावी अशी अट आहे, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.