चांदीचे मोठे स्मारक नाणे घेण्यापूर्वी किलोचा भाव कसा काढावा

नवे स्मारक नाणे जाहीर झाले की दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक, "चांदीच आहे, बुडणार कुठे?" आणि दुसरा, "मोजकीच पाडली आहेत, दहा वर्षांत सोने होईल." असे सांगणाऱ्यांना त्यांनी स्वतः आजवर किती नाणी विकली, हे विचारून पाहावे. नाणे विकत घेणे सोपे असते. ते कोणत्या भावाने घेतो आहोत हे समजून घेणे अवघड असते, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच हिशेबावर खर्च केला आहे.

प्रथम, समोर आहे ते नाणेच आहे ना, हे पाहावे. अशोकस्तंभाचे चिन्ह आणि रुपयांतले दर्शनी मूल्य नसेल, तर ते पदक आहे. सराफाकडे धनत्रयोदशीला मिळणारे लक्ष्मी-गणपतीचे 'नाणे' हासुद्धा कायद्याच्या दृष्टीने चांदीचा एक तुकडाच असतो, मात्र गुंतवणुकीसाठी पुष्कळदा तोच तुकडा बरा ठरतो.

त्यानंतर नाण्यातील शुद्ध चांदीचे वजन काढावे. भारत सरकारची ४४ मिलिमीटर व्यासाची आणि ३५ ग्रॅम वजनाची बहुतेक मोठी स्मारक नाणी चार धातूंच्या मिश्रणाची असतात: चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के. रवींद्रनाथांच्या १५० व्या जयंतीचे १५० रुपयांचे, अटलबिहारी वाजपेयींच्या स्मरणार्थ काढलेले १०० रुपयांचे आणि २०२३ साली नव्या संसदभवनाच्या निमित्ताने काढलेले ७५ रुपयांचे अशी तिन्ही नाणी याच घडणीची आहेत, म्हणजे प्रत्येकात शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅमच. दर्शनी मूल्याचा चांदीशी काही संबंध नसतो. अपवादही आहेत: बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे १००० रुपयांचे नाणे ८० टक्के चांदीचे आहे, तर रिझर्व्ह बँकेच्या ९० वर्षांनिमित्त २०२४ साली निघालेले ९० रुपयांचे नाणे शुद्ध चांदीचे आणि ४० ग्रॅम वजनाचे आहे. आकारावर विसंबणाऱ्यांसाठी एक जुने उदाहरण देतो. गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे आहे आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपयांचे नाणे साडेबावीस ग्रॅमचे; तरीही लहान नाण्यात चांदी १२ ग्रॅम आहे आणि मोठ्यात सव्वाअकरा, कारण पहिले ८० टक्के चांदीचे आहे आणि दुसरे ५० टक्के.

आता मुख्य पायरी. सुरुवातीच्या काळात मलाही हीच जड गेली, कारण दुकानदार नाण्याची किंमत सांगतो, बाजार किलोचा भाव सांगतो आणि या दोन आकड्यांची गाठ कोणीच घालून देत नाही. ती आपण घालावी. मागितलेली किंमत शुद्ध चांदीच्या ग्रॅमने भागावी आणि येणाऱ्या आकड्याला हजाराने गुणावे. समजा, ३५ ग्रॅमच्या नाण्याचे ६,००० रुपये सांगितले. ६,००० भागिले १७.५ म्हणजे ग्रॅमला सुमारे ३४३ रुपये, म्हणजेच किलोला ३,४२,८५७ रुपये. आपण चांदी या भावाने घेत आहोत, मग डबी मखमलीची असो की लाकडाची.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे १७.५ ऐवजी ३५ ने भागणे. तसे केले की किलोचा भाव १,७१,४२९ दिसतो आणि सौदा एकदम वाजवी वाटू लागतो. "पस्तीस ग्रॅम चांदी आहे, साहेब" असे काउंटरवर सर्रास सांगितले जाते, आपण शांतपणे "पस्तीस ग्रॅम नाणे आहे, टंच (शुद्ध चांदीचे प्रमाण) किती?" असे विचारावे. दुसरी फसगत कराची. वर्तमानपत्रात छापलेला चांदीचा भाव पुष्कळदा ३ टक्के जीएसटी सोडून असतो, तर नाण्याची किंमत करासह सांगितलेली असू शकते; म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे करासह करून घ्यावेत.

मग मी काढलेला भाव त्या दिवसाच्या भावाशेजारी ठेवतो. फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला चांदीची खरेदी म्हणता येईल. त्याहून अधिक, पण दुपटीच्या आत असेल, तर तो छंद आहे आणि छंदाला पैसे लागतातच. दुपटीच्या पुढे गुंतवणूक हा शब्दच काढू नये. वरच्याच उदाहरणात चांदी किलोला २,००,००० रुपये धरली, तर धातूच्या हिशेबाने नुसते मुद्दल सुटण्यासाठी ती जवळपास ७१ टक्क्यांनी वाढावी लागेल. ज्याने त्याच दिवशी चोख चांदीची लगड घेतली, तो तोवर बहुतेक तेवढ्याच नफ्यात असेल आणि आपण शून्यावर.

शिवाय धातूची ही किंमतही कागदावरचीच असते. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणे वितळवणे हा गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. झवेरी बाजारात लगड नेली तर कस लावून (शुद्धता तपासून), घट (वितळवताना होणारी तूट) धरून मोडीचा भाव मिळतो. स्मारक नाणे मात्र कोणताही प्रामाणिक सराफ मुशीत टाकू शकत नाही, त्यामुळे तो एक तर ते घेत नाही किंवा भरपूर बट्टा कापतो. गिऱ्हाईक उरते ते संग्राहकच. म्हणून खरेदी करतानाच विक्रेत्याला विचारावे, "हेच आज मी परत दिले, तर किती द्याल?" आणि तोच प्रश्न दुसऱ्या एका व्यापाऱ्यालाही विचारावा. कफ परेडला किंवा अन्यत्र भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हे सहज जमते, आणि विक्रीच्या व खरेदीच्या भावातील दरी किती खोल आहे ते तिथल्या तिथे कळते.

खरेपणाची शंका असेल, तर घरगुती परीक्षा अशी करावी. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा कडांना न टेकता पूर्ण बुडवावे. ५० टक्के चांदीचे ३५ ग्रॅमचे नाणे असेल, तर काटा सुमारे ३.६७ दाखवेल, नुसते तांबे-निकेल वापरून वर मुलामा दिला असेल, तर आकडा ३.९ च्या आसपास जाईल. दोऱ्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो, म्हणून नाणे दोनदा बुडवावे. आरशासारख्या चकाकीच्या प्रूफ नाण्यावर हा प्रयोग मुळीच करू नये; पाण्याचा एक डाग पडला तरी संग्राहक भाव पाडतो. प्रूफ नाण्यासाठी यंत्रावर टंच काढून देणारी दुकाने झवेरी बाजारात आहेत.

टांकसाळीचे चिन्हही पाहावे: मुंबईच्या साध्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखे छोटे चिन्ह असते, तर अलीकडच्या प्रूफवर इंग्रजी 'एम'. जुने साल असेल, तर ते मूळ पाडलेले आहे की नंतर पुन्हा पाडलेले, हे विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

निव्वळ चांदीच हवी असेल, तर शुद्धतेचा शिक्का असलेली लगड घ्यावी. घरात धातू सांभाळायचा नसेल, तर सेबीने २०२१ साली परवानगी दिलेले सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे चांदीचे फंड, आहेत.

नाणे घेतलेच, तर ते कडेने धरावे, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये आणि मुंबईच्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. काळे पडले म्हणून चिंच, दंतमंजन किंवा भांड्यांची पावडर लावून घासू नये. डबी, प्रमाणपत्र आणि पावती एकत्र ठेवावी, कारण विकताना संग्राहक आधी तीच मागतो.