मोपाच्या विमानतळावरून प्रवास करताना: तिकिटापासून पणजीच्या दारापर्यंत

गोव्याची राजधानी पणजी असली, तरी पणजीत विमान उतरत नाही. राजधानीसाठी आता दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा दाबोळी हा जुना, आणि पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या सड्यावरचा, म्हणजे उंच खडकाळ पठारावरचा, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ हा नवा. नव्या विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने ये-जा करू लागली. इतकी वर्षे होऊनही ‘गोवा विमानतळ’ एवढ्या शब्दांवर विसंबून तिकीट काढणारे प्रवासी आहेत, आणि त्यांची फजिती ठरलेली असते.

म्हणून पहिले काम तिकीट काढतानाच करावे. तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरांचा संकेत असतो. तो जीओएक्स असेल तर मोपा आणि जीओआय असेल तर दाबोळी. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकदम काढताना दोन्ही ओळी वेगवेगळ्या तपासाव्यात, कारण स्वस्त पर्याय शोधताना संकेतस्थळ एक बाजू मोपाची आणि दुसरी दाबोळीची सहज जोडून देते. माझ्या मावसभावाच्या बाबतीत नेमके हेच झाले. तो मोपाला उतरला होता, त्यामुळे परतीलाही दुपारी साडेबाराच्या सुमारास सामानासह मोपाच्या दारात उभा राहिला. दारावरच्या जवानाने तिकीट हातात घेतले, त्या तीन अक्षरांवर बोट ठेवले आणि काही न बोलता ते परत दिले. विमान तीन वाजताचे, पण दाबोळीचे होते. दोन्ही विमानतळांमधले अंतर रस्त्याने सुमारे 60 किलोमीटर आहे आणि वाटेत म्हापसा, पर्वरी, पणजी, जुवारीचा पूल एवढे सगळे लागते. तो दाबोळीला पोहोचला तेव्हा सामान घेणारी खिडकी बंद झाली होती.

कोणता विमानतळ निवडावा, हे मुक्काम कुठे आहे त्यावरून ठरवावे. हरमल, मांद्रे, मोरजी, म्हापसा आणि कळंगुट या बाजूला जाणाऱ्यांना मोपा सोयीचा आहे. मडगाव, कोलवा, काणकोण, पाळोळे येथे जायचे असेल, तर तिकिटामागे काही रुपये जास्त मोजूनही दाबोळी परवडतो, कारण मोपाहून दक्षिण गोव्यापर्यंतचे टॅक्सीचे भाडे ती बचत खाऊन टाकते. पणजी या दोहोंच्या मध्ये येते. मोपाहून ती सुमारे 35 किलोमीटर आहे आणि दाबोळीहून त्याहून थोडी जवळ. दाबोळी हा मुळात नौदलाचा हवाई तळ असल्याने तेथे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना बंधने असतात. मोपाला हा अडसर नाही, म्हणून सकाळच्या वेळा हव्या असतील तर तेथे अधिक पर्याय मिळतात. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागातल्या सिंधुदुर्गवासीयांना तर मोपा अगदी उंबऱ्यावर आहे.

विमानतळावर पोहोचण्याचा रस्ता सोपा आहे, वेळेचा हिशेब मात्र सैल ठेवावा. पणजीहून निघाल्यावर मांडवीचा पूल ओलांडून पर्वरी, म्हापसा, कोलवाळ या क्रमाने राष्ट्रीय महामार्ग 66 ने धारगळपर्यंत यावे आणि तेथून 2024 मध्ये सुरू झालेल्या जोडरस्त्याने सड्यावर चढावे. कोंडीची खरी जागा पर्वरी आणि म्हापशाची वेस ही आहे. संध्याकाळी किंवा डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात निघायचे असेल, तर नेहमीच्या वेळेत किमान एक तासाची भर घालावी. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना बांद्यानंतर पत्रादेवीची हद्द ओलांडली की विमानतळाचे फलक दिसू लागतात.

रेल्वेने येऊन विमान पकडायचे असेल, तर सर्वांत जवळचे स्थानक पेडणे आहे, पण तेथे थोड्याच गाड्या थांबतात. थिवीला जास्त गाड्या थांबतात आणि पुढे टॅक्सी मिळणेही सोपे जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हे विसरून केलेले नियोजन कोलमडते. त्याच दिवसांत सड्यावर ढग खाली उतरतात आणि एखादे विमान दुसरीकडे वळवले जाते, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये विमानाला लागूनच पुढची गाडी धरण्याचा बेत आखू नये.

विमानतळावर आल्यावरची पद्धत इतर ठिकाणांसारखीच आहे. देशांतर्गत उड्डाणासाठी मूळ छायाचित्र ओळखपत्र हाताशी ठेवावे आणि दोन तास आधी पोहोचावे. बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या एक तास आधी सामान घेणे थांबवतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी, नाहीतर सोडलेली बॅग पुन्हा उघडायला बोलावणे येते.

उतरल्यानंतरचा प्रश्न वाहनाचा. मुंबई-पुण्यात रोज हाताळली जाणारी टॅक्सीची ॲप गोव्यात कामाला येत नाहीत. आगमनाच्या बाजूला टॅक्सीच्या खिडक्या असतात. तेथे भाडे आधी विचारून पावती घ्यावी, किंवा ‘गोवा माइल्स’ या ॲपवरून गाडी नोंदवावी. बाहेर येऊन हाका मारणाऱ्यांशी घासाघीस करण्यात काही अर्थ नाही. कदंब महामंडळाच्या बसगाड्या पणजी, म्हापसा, मडगाव या दिशेने सुटतात. एकट्या प्रवाशाला त्या फारच स्वस्त पडतात, पण रात्री उशिरा उतरणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेणार असाल, तर नंबर प्लेट पाहावी: काळ्या पाटीवर पिवळे अंक असतील तरच ती भाड्याची अधिकृत गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात आणून दिली, तर वाटेत पोलिसांनी अडवल्यावर खोळंबा आपलाच होतो.

परतीच्या बॅगेविषयी शेवटची गोष्ट. फेणीसारखे 24 ते 70 टक्के मद्यार्काचे पेय सामानाच्या बॅगेत सीलबंद बाटल्यांतून माणशी पाच लिटरपर्यंत नेता येते, पण हा झाला विमानाचा नियम. अबकारी कायदा राज्याराज्याचा वेगळा असतो. मोपाला उतरून मोटारीने सिंधुदुर्गात जाणाऱ्याने गोव्यात घेतलेल्या बाटल्या परवान्याशिवाय हद्दीपलीकडे नेऊ नयेत, कारण महाराष्ट्रात तो गुन्हा ठरतो आणि त्या मार्गावर तपासणी होत असते.