जत्रेनंतरच्या सोमवारचं भोपळ्याचं सूप

बोडगेश्वराची जत्रा लागली की आमच्या गोव्यातल्या म्हापशातली घरं माणसांनी भरून जातात. यंदा शनिवार-रविवारी आमच्याकडे सावंतवाडीची नणंद, तिची दोन मुलं आणि कोल्हापूरचे मामेसासरे होते. शनिवारी रात्री बोडगेश्वराचं, म्हणजे गावच्या राखणदार देवाचं दर्शन, मग नाटक. घरी पोचायला अडीच वाजले. रविवारी दुपारी माशांचं भरपेट जेवण, संध्याकाळी पुन्हा जत्रा, म्हणजे मिरचीभजी, खाजं आणि मुलांच्या हट्टापायी सगळ्यांना आइस्क्रीम. सोमवारी पाहुणे सकाळच्या बसने गेले आणि मी शाळेत गेले. चौथीच्या वर्गात कविता म्हणून दाखवताना आवाज फुटेना. संध्याकाळी घरी आले तर ओट्याशी उभं राहायचंही त्राण नव्हतं.

अशा संध्याकाळी मी सूप करते, दुसरं काही नाही. एक कुकर, एक रवी, जेमतेम पाऊण तास, आणि त्यातली वीस मिनिटं तरी आपण खुर्चीत बसलेले असतो.

तयारी मात्र शुक्रवारीच सुरू होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या भोपळ्याची मोठी फोड घेऊन ठेवायची. इथे नवीन आलेल्यांना एक सांगते: बाजारात ‘दुदी’ मागितलीत तर हातात तांबडा भोपळा पडेल, कोकणीत दुदी म्हणजे तोच. फोड हाताला जड लागली पाहिजे, गर गडद केशरी आणि कडेपर्यंत घट्ट हवा. घरी आल्याबरोबर बिया आणि त्याभोवतालचे ओले धागे चमच्याने खरवडून टाका. कापलेला भोपळा नासायला सुरुवात तिथूनच होते. एवढं केलं आणि फोड कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली, तर सोमवारपर्यंत ती छान राहते.

चार माणसांसाठी साल काढलेला भोपळा साधारण 400 ग्रॅम, पाव वाटी मूगडाळ, एक मोठा कांदा, पाच-सहा लसूणपाकळ्या, आल्याचं बोटाच्या पेराएवढं कांड, चिमूटभर हळद, आठ-दहा मिरीदाणे, चमचाभर खोबरेल तेल आणि सुमारे लिटरभर पाणी. शिवाय उकड्या तांदळाची डावभर पेज. पेजेबद्दल पुढे सांगते, सगळी मेख तिच्यातच आहे.

घरात पाऊल टाकलं की आधी मूगडाळ धुऊन भिजत घाला, मग आंघोळीला जा. परत येईपर्यंत डाळ पुरेशी फुगलेली असते.

आता कांदा. इथे घाई करू नका, कितीही दमलेल्या असलात तरी. कुकरमध्येच तेल तापवून बारीक चिरलेला कांदा टाका, त्यावर चिमूटभर मीठ घाला आणि आच मंद ठेवा. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, त्या पाण्यात तो शिजतो आणि करपत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. सहा-सात मिनिटांनी वास गोडसर होतो आणि कांदा काचेसारखा पारदर्शक दिसू लागतो. तांबूस होऊ द्यायचा नाही, तांबूस झाला की सुपाला भाजीच्या रश्शाची चव येते. कांदा असा मऊ झाल्यावरच ठेचलेलं आलं-लसूण टाका. लसूण आधी टाकली तर कांदा शिजेपर्यंत ती करपून कडू होते, आणि तो कडूपणा मग कशानेच जात नाही.

भोपळ्याच्या फोडी टाकून दोन मिनिटं परता, कडा चकचकीत दिसू लागतील. तेल फार घालू नका, पण अगदी टाळूही नका. भोपळ्याला केशरी रंग देणारं कॅरोटिन शरीरात नीट शोषलं जायला थोडी तरी स्निग्धता लागते. मग डाळ, हळद, पाणी. झाकण लावा, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या घ्या आणि गॅस बंद करून बसा. वाफ आपोआप जिरू द्या. हीच ती वीस मिनिटं. मी पाय वर करून बाल्कनीत बसते.

कुकर उघडल्यावर मिक्सरकडे जाऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका दमलेल्या संध्याकाळी मी कढत सूप मिक्सरच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरलं आणि बटण दाबलं. आत वाफ कोंडली, झाकण उडालं, उजव्या मनगटावर फोड आला, तो भरायला दहा दिवस लागले. तेव्हापासून मी रवीच वापरते, ताक घुसळायची लाकडी रवी. कुकर ओट्यावर घट्ट बसवून दोन्ही तळव्यांमध्ये रवी फिरवली की शिजलेला भोपळा आणि डाळ मिनिटा-दोन मिनिटांत एकजीव होतात. अधूनमधून भोपळ्याचा एखादा तुकडा राहतो, तो दाताखाली आला की मला फार बरं वाटतं. ज्यांना मऊसूतच हवं त्यांनी सूप पूर्ण निवू द्यावं, मग मिक्सर लावावा.

आता पेज. बाहेरच्या सुपांना दाटपणा बहुतेक कॉर्नफ्लोअरचा असतो. मीही लग्नानंतर पहिल्यांदा सूप केलं तेव्हा तेच कालवायला घेतलं होतं. सासूबाई पाठीमागून आल्या, वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, “अगो, सकाळची पेज आहे ती कशाला आहे?” त्यांनी पातेल्यातली डावभर पेज, तळाच्या चार शितांसकट, सुपात ओतली आणि रवी फिरवली. त्या दिवसापासून आमच्या घरात कॉर्नफ्लोअर आलेलं नाही. तांदळातलं पिठूळ सत्त्व पेजेत आधीच शिजून सुटलेलं असतं, त्यामुळे गाठी होण्याचा प्रश्नच येत नाही आणि दाटपणा जिभेला चिकट लागत नाही. उकड्या तांदळाला स्वतःचा एक खरपूस, मातकट वास असतो, तो भोपळ्याच्या गोडीला आवरतो. नुसत्या भोपळ्याचं सूप दोन घासांनंतर नकोसं होतं, हे मी पेजेशिवाय करून पाहून सांगते आहे. पेज नसेल तर उरलेला उकडा भात दोन चमचे घ्या आणि शिट्ट्यांच्या आधीच कुकरमध्ये टाका.

पेज घातल्यावर सूप पाच मिनिटं उकळा. मीठ आता, शेवटी, कारण पेजेत आधीच मीठ असू शकतं. मिरी त्याच वेळी खलबत्त्यात कुटून घ्या आणि गॅस बंद केल्यावर वरून घाला. उकळत ठेवली तर तिखटपणा उरतो, वास उडून जातो.

घसा बसलेला असेल तर एवढ्यावरच थांबा. तोंडाला चव नसेल तर दोन आमसुलं टाका, आमच्याकडे त्यांना सोलं म्हणतात. मुलांसाठी मी कधी कधी अर्धी वाटी नारळाचा पातळ रस घालते, तो घातल्यावर मात्र सूप उकळू द्यायचं नाही. आणि ही दोन्ही एकाच भांड्यात नकोत, आंबट आणि आच एकत्र आली की नारळाचा रस फाटतो.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरी रविवारी हाडांचं आणि मॅकरोनी घातलेलं सूप होतं. ते फार चवदार लागतं, पण त्याला निवांत दिवस हवा, सोमवारी ते जमण्यासारखं नाही.

बरोबर पोई, म्हणजे इथला कोंड्याचा पाव, हवीच. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की मुलाला खाली पाठवा. ताजी नाही मिळाली तर सकाळची पोई मधोमध उघडून तव्यावर कोरडीच शेका, आतली बाजू खाली. कडक झाली की तुकडे करून सुपात बुडवा.

उरलं तर गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. पेजेमुळे मंगळवारी ते लापशीसारखं घट्ट झालेलं दिसेल, घाबरू नका. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळा, पुन्हा पहिल्यासारखं होतं. मिरी तेवढी नव्याने कुटून घाला.