छाती तपासताना या चुका टाळा

स्टेथोस्कोपमधून ऐकू आलेल्या आवाजाला क्रेप्स (करकरणारा आवाज) किंवा व्हीझ (शिट्टीसारखा आवाज) असे नाव देण्याची घाई नवशिक्या डॉक्टरांना फार असते. परंतु तो आवाज फुप्फुसातूनच येतो आहे ना, ही खात्री त्याआधी करायला हवी. शर्टावरून चेस्टपीस (स्टेथोस्कोपचे छातीवर टेकवायचे टोक) ठेवला की कापडाचे घासणे क्रेप्ससारखे भासते. छातीवरचे दाट केसही डायफ्रामखाली (चेस्टपीसच्या पातळ पडद्याखाली) करकरतात, आणि बारीक क्रेप्स कसे असतात हे विद्यार्थ्यांना कानाजवळचे केस बोटांत चोळूनच शिकवले जाते, यावरून हे साम्य किती फसवे आहे ते ध्यानात येईल. अशा वेळी ओल्या बोळ्याने केस भिजवावेत आणि चेस्टपीस घट्ट दाबून पुन्हा ऐकावे. करकर थांबली तर ती केसांचीच होती.

रुग्णाला तोंड उघडे ठेवून सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगावे आणि प्रत्येक जागी एक श्वास पूर्ण आत-बाहेर होईपर्यंत थांबून लगेच दुसऱ्या बाजूची तीच जागा ऐकावी. झोपून असलेल्या रुग्णाची केवळ पुढून छाती ऐकणे ही वॉर्डमधली नेहमीची चूक आहे, कारण फुप्फुसाचा खालचा लोब (भाग) मुख्यतः पाठीकडून ऐकू येतो. त्याला कुशीवर वळवावे. तळाशी क्रेप्स आढळले तर खोकायला लावून पुन्हा ऐकावे. खोकल्यानंतर नाहीसे होणारे आवाज बहुधा साठलेल्या कफाचे असतात, तर हृदयाच्या दुर्बलतेतले किंवा फुप्फुस आकसण्याच्या आजारातले क्रेप्स तसेच राहतात.

सर्वांत धोकादायक गफलत स्ट्रायडरला, म्हणजे वरचा श्वासमार्ग अडल्याने येणाऱ्या आवाजाला, व्हीझ समजण्याची असते. स्ट्रायडर बहुधा श्वास आत घेताना येतो आणि गळ्यावर अधिक मोठा ऐकू येतो, म्हणून शंका येताच चेस्टपीस गळ्यावर ठेवावा. तो दमा समजून नेब्युलायझर देत बसलो, तर अडलेल्या श्वासमार्गाकडे लक्ष जाण्यास उशीर होतो. लहान मुलाला अचानक एकाच बाजूला व्हीझ येऊ लागला, तर शेंगदाणा खाताना ठसका लागला होता का, हे आईला आवर्जून विचारावे, आणि एक्स-रे स्वच्छ दिसला म्हणून ही शंका सोडू नये, कारण शेंगदाणा एक्स-रेत उमटत नाही.

दम्याच्या तीव्र झटक्यात व्हीझ थांबला म्हणजे आराम पडला, असे मानू नये. हवा आत-बाहेर जाणेच जवळपास बंद झाल्याने छाती शांत होते; अशा वेळी रुग्णाचा ऑक्सिजन पाहून उपचार चालू ठेवावेत आणि वरिष्ठांना त्याच क्षणी बोलवावे.