आधी रॅम मोजा, मग प्रोसेसर: डेटाबेस सर्व्हरसाठी मदरबोर्ड कसा निवडावा

डेटाबेस सर्व्हर बांधायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती कोअरचा घेऊ?" माझ्या हिशेबात तो शेवटचा प्रश्न. रॅम किती लागणार हे ठरलं की मेमरी चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधल्या स्वतंत्र वाटा) ठरतात, चॅनलवरून सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, सॉकेटवरून बोर्ड, आणि उरलेल्या पैशांत प्रोसेसर. उलट्या बाजूनं गेलात तर ६४ कोअर बसवून डिस्कची वाट बघत बसाल.

पायरी १: रोज लागणारा डेटा मोजा

डिस्कवर ९०० जीबीचा डेटाबेस आहे म्हणून ९०० जीबी रॅम लागत नाही. पाच वर्षांपूर्वीची बिलं रोज कोण उघडतं? चालू व्यवहारांची टेबलं आणि त्यांचे इंडेक्स रॅममध्ये मावले पाहिजेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबल-इंडेक्सचे आकार एका क्वेरीत कळतात. डेटाचे किती ब्लॉक बफरमध्येच (डेटाबेसच्या ताब्यातल्या रॅममध्ये) सापडले आणि किती बाहेरून आणावे लागले, याची मोजणीही तो स्वतःच ठेवतो. हे आकडे एखाद्या निवांत मंगळवारी घेऊ नका, महिनाअखेरीला घ्या. त्यात प्रत्येक कनेक्शनला सॉर्टिंगसाठी लागणारी मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा आणि दोन-तीन वर्षांची वाढ मिळवा. आपण उदाहरणादाखल ५१२ जीबी धरू.

पायरी २: चॅनलवरून सॉकेट ठरवा

डेस्कटॉपचा बोर्ड इथेच बाद होतो. एएमडीच्या डेस्कटॉपच्या एएम५ सॉकेटला दोन चॅनल आणि जास्तीत जास्त चार स्लॉट. चारही भरले की रॅमचा वेग बराच उतरतो. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, म्हणजे आरडिम, हा सॉकेट घेतच नाही आणि मोठ्या क्षमतेच्या रॅमच्या काड्या त्याच प्रकारात मिळतात. डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या रॅममध्ये, म्हणजे डीडीआर५ मध्ये, तर साध्या आणि रजिस्टर्ड काडीची खाचही वेगळी असते. आणखी एक गैरसमज: "डीडीआर५ मध्ये ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून सुधारायची सोय) आतच असतं." ती सोय फक्त चिपच्या आतल्या चुका सुधारते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर एखादा बिट पलटला तर ती काही करू शकत नाही. पैशांचे व्यवहार ठेवणाऱ्या यंत्रात पूर्ण ईसीसीच हवं.

आता खरे पर्याय. एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरांचा एसपी३ सॉकेट (२०१९ ची रोम पिढी, २०२१ ची मिलान) डीडीआर४-३२०० चे आठ चॅनल देतो. प्रत्येक चॅनलचे सेकंदाला २५.६ जीबी, आठांचे मिळून २०४.८. एसपी५ वरचा जेनोआ (२०२२) डीडीआर५-४८०० चे बारा चॅनल देतो, म्हणजे ४६०.८ जीबी. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या झिऑन स्केलेबलला आठ चॅनल आहेत, डीडीआर५ चे.

आपल्या ५१२ जीबीला एसपी३ वर गणित सुटसुटीत बसतं: आठ चॅनल, ६४ जीबीच्या आठ काड्या. बारा चॅनलच्या बोर्डात ६४ जीबीच्या आठ डीडीआर५ काड्या चालतात, पण चार चॅनल रिकामे राहतात. तिथे ४८ च्या बारा (५७६ जीबी) किंवा ६४ च्या बारा (७६८ जीबी) घ्याव्यात. साधारण व्यवहारांच्या डेटाबेसला मला अजूनही डीडीआर४ चा मिलान पुरेसा वाटतो. मोठमोठी टेबलं पूर्ण चाळणारे अहवाल रोजचेच असतील तर बारा चॅनलचे पैसे वसूल होतात.

पायरी ३: बोर्ड

एका चॅनलला एक स्लॉट की दोन, हे आधी बघा. सुपरमायक्रोचा एच१२एसएसएल-आय आणि एएसरॉक रॅकचा आरओएमईडी८-२टी हे दोन्ही आठ स्लॉटचे एटीएक्स बोर्ड आहेत. दुसऱ्यावर १० गिगाबिटचे दोन पोर्ट बोर्डातच येतात. जेनोआसाठी सुपरमायक्रोचा एच१३एसएसएल-एन बारा स्लॉटचा आहे. चॅनलला दोन स्लॉट असलेला बोर्ड वाढीला बरा, पण दोन्ही भरले की वेग कमी होतो, डीडीआर५ मध्ये जास्तच.

मी एकदा सोळा स्लॉटच्या बोर्डात ३२ जीबीच्या सोळा काड्या भरल्या, कारण त्या स्वस्त पडत होत्या. वर्षभरात १ टीबीची गरज निघाली आणि सगळ्या काड्या पडत्या भावानं विकाव्या लागल्या. तेव्हापासून मोठी काडी घेतो आणि प्रत्येक चॅनलचा दुसरा स्लॉट रिकामा ठेवतो.

खरेदीपूर्वी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची तपासलेल्या रॅमची यादी उघडा आणि काडीचा पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान एसएसडी) किती लागतील ते मोजून पीसीआयई स्लॉट बघा. सर्व्हर दुरून चालू-बंद करू देणारं बीएमसी बोर्डावर हवंच, पण त्याचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

पायरी ४: आता प्रोसेसर

आधी लायसन्स वाचा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं एंटरप्राइज लायसन्स कोअरवर मोजतात, त्यामुळे जास्तीचा प्रत्येक कोअर बिलात दिसतो. त्याच्या २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीत बफर पूल, म्हणजे डेटासाठी वापरता येणारी रॅम, १२८ जीबीपुरताच आहे. त्यावर ५१२ जीबी रॅम म्हणजे रिकाम्या खोल्यांचं भाडं. पोस्टग्रेसला ही कटकट नाही, पण तिथे एका कनेक्शनमागे एक प्रोसेस असते आणि छोट्या क्वेरी एकाच कोअरवर चालतात. म्हणून कमी कोअर, जास्त गिगाहर्ट्‌झ. एएमडीच्या नंबरातलं 'एफ' हे अक्षर यासाठीच: ७४एफ३ मध्ये २४ कोअर आणि २५६ एमबी एल३ कॅशे आहे. शेवटी 'पी' असेल तर तो फक्त एका सॉकेटच्या बोर्डासाठी.

स्वस्त मॉडेलचा एक सापळा आहे. ७२८२ आणि ७३०२पी हे दोन्ही १६ कोअरचे. पण ७२८२ ची मेमरी बँडविड्थ एएमडी स्वतःच सेकंदाला ८५.३ जीबी सांगते, ७३०२पी ची २०४.८. आठही स्लॉट भरून पहिला बसवलात तर निम्म्याहून जास्त वेग वाया जातो.

दोन सॉकेट शक्यतो टाळा. दुसऱ्या प्रोसेसरच्या रॅममधला डेटा उशिरा मिळतो आणि डेटाबेसनं एकाच बाजूची रॅम भरली तर दुसरीकडे जागा असूनही स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होऊ शकतो. मेमरी दोन्हीकडे सारखी वाटायची सेटिंग आहे, पण एका सॉकेटवर काही टीबी रॅम बसत असताना हा व्याप कशाला?

पायरी ५: जुना माल घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, एपिकबद्दल एक प्रश्न विचाराच: हा आधी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये होता? काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये बसलेला प्रोसेसर सुरक्षेसाठी त्याच कंपनीच्या बोर्डांशी कायमचा बांधला जातो आणि मग दुसरीकडे सुरूच होत नाही. जुन्या झिऑनमध्ये मर्यादा प्रोसेसरमध्येच असते: स्कायलेक पिढीचा साधा प्रोसेसर ७६८ जीबीवर थांबतो, 'एम' असलेला १.५ टीबीपर्यंत जातो.

पायरी ६: जोडणी आणि तपासणी

एसपी३ चे स्क्रू त्यावर छापलेल्या १-२-३ क्रमानं, टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं आवळा. दाब कमी-जास्त झाला की एखादा मेमरी चॅनल दिसेनासा होतो आणि दोष बिचाऱ्या काडीला लागतो. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहतो. तेवढ्यात वीज काढू नका. बायोसमध्ये पूर्ण ५१२ जीबी आणि ३२०० चा वेग दिसला की मेमटेस्टच्या दोन फेऱ्या लावा. ५१२ जीबीला वेळ लागतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी लावून घरी जा. सोमवारी ईसीसीच्या नोंदीत एकाच काडीच्या नावावर पुन्हा पुन्हा दुरुस्ती दिसली, तर ती आधी दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून बघा. चूक काडीबरोबर गेली तर काडी बदलून घ्या. स्लॉटवरच राहिली तर प्रोसेसर काढून पुन्हा बसवा.